आधी तपासा, मग व्यायाम सांगा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,

स. न. वि. वि.

बाळंतपणानंतर दीड महिन्याने बाई तपासणीला येते तेव्हा टाके बघतात, रक्तदाब बघतात, बाळाचं वजन करतात. शिंकताना लघवी सुटते का, गॅस रोखता येतो का, खाली काही उतरल्यासारखं वाटतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं, असं माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी सांगतात. त्याही आपणहून बोलत नाहीत. पॅड लावून, प्रवासात पाणी कमी पिऊन वर्षं काढतात. शेवटी डॉक्टरांकडे जातात तेव्हा हातात एक तर व्यायामाचा छापील कागद पडतो किंवा ऑपरेशनची तारीख. या दोन्हींच्या आधी नीट तपासणी व्हायला हवी, एवढ्यासाठीच मी, पेल्विक फ्लोअरचं म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं काम करणारी एक फिजिओथेरपिस्ट, हे पत्र लिहीत आहे.

पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले हे स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देतात. लघवी-शौच रोखणं आणि सोडणं त्यांच्यावर अवलंबून. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत जवळपास चौथा हिस्सा स्त्रियांना लघवी गळणं, शौचावर ताबा नसणं किंवा अंग बाहेर येणं (गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली सरकणं) यांपैकी निदान एक तक्रार होती. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी गळणारे पुरुष वेगळेच. ते तर बायकांपेक्षाही गप्प.

अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामावर लेख लिहिला. त्याच्या पद्धतीत पेरिनिओमीटर नावाचं दाब मोजणारं उपकरण होतं. आपण किती जोर लावतोय हे बाईला काट्यावर दिसायचं. आज 'केगेल' सगळ्यांना ठाऊक आहे. मोजणं मात्र आपण सोयीस्करपणे गाळून टाकलं.

त्याचा परिणाम मला रोज दिसतो. 'आतून आवळा' म्हटलं की कुणी श्वास रोखतं, कुणी नितंब आवळतं, तर कुणी शौचाला करतात तसा चक्क खाली जोर देतं. बाहेरून फारसं काही कळत नाही. पेशंटची परवानगी घेऊन, हातमोजा घालून केलेल्या आतल्या तपासणीत बोटाला फरक लगेच जाणवतो. स्नायूची ताकद ० ते ५ अशा ऑक्सफर्ड श्रेणीत लिहिता येते. आकुंचन किती सेकंद टिकतं, आणि मुख्य म्हणजे नंतर स्नायू पूर्ण सैल होतो का, हेही तेव्हाच कळतं. काहींचा होत नाही. त्यांना संभोगात दुखतं, लघवी अडखळत होते, शौचाला कुंथावं लागतं. अशांना आवळण्याचे व्यायाम दिले तर त्रास वाढू शकतो. त्यांना आधी श्वासाबरोबर सैल सोडायला शिकवावं लागतं. छापील कागदाला हे कसं कळणार?

बाकी तपासणीलाही मोठी यंत्रं लागत नाहीत. तीन दिवसांची नोंदवही पुरते : किती प्यायलं, किती वाजता किती लघवी झाली, कधी गळली. सोबत लघवीची तपासणी, आणि लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते याचं मोजमाप. खोकल्याने गळणारी लघवी आणि अचानक घाई लागून वाटेत सुटणारी लघवी यांचे उपचार वेगळे आहेत; कुणाची तक्रार कोणती, हे एवढ्यातूनच बरंचसं उलगडतं.

उपचारांचा पुरावा भक्कम आहे. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात खोकता-शिंकताना लघवी गळणाऱ्यांपैकी व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के स्त्रियांनी बरं झाल्याचं सांगितलं; न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी ब्रिटनची 'नाईस' ही संस्था अशा तक्रारीत आधी किमान तीन महिने देखरेखीखालचा व्यायाम द्या, असं सांगते. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतरच्या या सत्रांचा खर्च आरोग्य विमा उचलतो. अंग बाहेर येत असेल तर पेसरीची रिंग आहे; ती योनीत बसवली की उतरलेल्या अवयवांना आधार मिळतो. मापाची बसली तर चालताना, खोकताना तिची जाणीवही होत नाही, तरी कित्येकींना 'पिशवी काढा' याआधी तिचं नावही सांगितलं जात नाही.

मी ऑपरेशनच्या विरोधात नाही. काहींना तेच हवं असतं आणि त्यांनी ते करून घ्यावं. पण अंग उतरण्यावर आधार म्हणून शस्त्रक्रियेने योनिमार्गातून बसवायच्या कृत्रिम जाळ्या ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये आणि अमेरिकेने २०१९ मध्ये बाजारातून काढायला लावल्या, तोवर असंख्य स्त्रिया दुखणं घेऊन बसल्या होत्या. शस्त्रक्रियेकडे पहिली पायरी म्हणून बघू नये, यासाठी आणखी कोणता दाखला हवा?

मागणी फार नाही. प्रसूतीनंतरच्या तपासणी अर्जात वरचे तीन प्रश्न छापा. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटलेल्या प्रत्येक बाईला, तिने तक्रार केली नाही तरी, या तपासणीला पाठवा. प्रसूती होणाऱ्या मोठ्या रुग्णालयांत प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट नेमा आणि त्यांना दार लावता येईल अशी खोली द्या; पडद्याआड ही तपासणी होत नाही. लघवी गळण्यावर शस्त्रक्रिया ठरवण्याआधी स्नायूंची नोंद आणि तीन महिन्यांच्या उपचाराचा तपशील केसपेपरवर असलाच पाहिजे, असा नियम करा. प्रश्नांचा मसुदा करताना वॉर्डातल्या परिचारिकांना बरोबर घ्या, कारण बायका हे पहिल्यांदा त्यांच्याच कानात सांगतात.

कळावे,
आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट