गिअरबॉक्स उतरवण्याआधी टॅपेट कव्हर पाहा

संपादक महोदय,

पहिल्या पावसात दुचाक्या घसरतात त्याला रस्त्यावर सांडलेले तेलही कारण असते, आणि त्यातले काही जुन्या ट्रक-टेम्पोंच्या गळक्या इंजिनांतून आलेले असते. ‘मागचा सील (क्रँकच्या दांड्याभोवती तेल अडवणारी कडी) गेला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ हे ऐकून मालक खर्चाला घाबरतो आणि गळती तशीच अंगावर काढतो. पण क्लच हाउसिंगखालून टपकणारे तेल दर वेळी मागच्या सीलचे नसते. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून झिरपलेले तेल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून नेमके तिथेच येते.

म्हणून आधी गळतीचे मूळ शोधावे. गाडी सपाट जागेवर लावून हँडब्रेक ओढावा, चाकांना पुढेमागे लाकडी ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. थंड इंजिन ब्रश आणि डिझेलने धुवून, पुसून पूर्ण कोरडे करावे. संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवून बंद करावे. मग टॉर्चच्या उजेडात वरून खाली पाहत यावे. पावडर जिथे सर्वांत वर ओली झाली, तिथे मूळ. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, डिझेल इंजिनचे तेल काळे असते. एवढ्यावरूनही बराच उलगडा होतो.

सील बदलण्याआधी ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी वाट, पाहायलाच हवा. ब्रीदरची नळी तुंबली की इंजिनच्या पोटातला दाब सीलमधून वाट काढतो आणि नवा सीलही काही दिवसांत गळू लागतो. इंजिन आयडलला ठेवून तेल भरण्याचे झाकण तोंडावर उलटे ठेवावे. ते जोरात उडत असेल आणि ब्रीदर साफ असेल, तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत. मग पॅकिंगवर पैसे घालू नयेत. तेल मोजण्याच्या पट्टीवर तेल वरच्या खुणेच्याही वर असेल तरी गळते. आणि तेल न घालता पातळी वाढत असेल, तर आत डिझेल किंवा पाणी उतरते आहे. अशी गाडी चालवूच नये.

टॅपेट कव्हर आणि ऑइल चेंबर (इंजिनखालचे तेलाचे भांडे) गळू लागले की बोल्ट आवळत सुटणे, ही नेहमीची चूक. पत्र्याची कड बोल्टच्या भोकापाशी आत दबते आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते. कव्हर काढून कडेवर सरळपट्टी धरली की हे लगेच दिसते. कड सपाट लोखंडावर ठेवून हातोडीने हलक्या हाताने सरळ करावी. जुने पॅकिंग बोथट पट्टीने खरवडावे. ग्राइंडर लावू नये, कारण त्याची धूळ थेट बेअरिंगपर्यंत पोचते. कॉर्क पॅकिंग असेल आणि दहा नंबर पान्याचे बोल्ट असतील तर मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत, साधारण ८ न्यूटन-मीटर आवळणे पुरे. कंपनीच्या पुस्तकात वेगळा आकडा असल्यास तोच धरावा.

सिलिकॉन लावायचेच तर २ ते ३ मिलिमीटरची रेघ, भोकांच्या आतल्या बाजूने. जास्तीचे सिलिकॉन आत तुटून पडते, गाळणीत अडकते, तेलाचा दाब उतरतो आणि पुढे इंजिन जाम होते. ट्यूबवर लिहिलेला सुकण्याचा वेळ पाळावा. बहुतेकांना २४ तास लागतात.

पुढचा क्रँक सील बदलताना पुलीच्या दांड्यावरून नख फिरवावे. खाच लागली तर नवा सील एक-दोन मिलिमीटर मागेपुढे बसवावा, म्हणजे सीलचा ओठ (दांड्याला टेकणारी कड) कोऱ्या जागेवर येतो. स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी आणि ओठाला तेल लावावे. मागचा सील खरोखरच गेला असेल तर मात्र काम गॅरेजवर सोपवावे. तेल क्लच प्लेटवर गेले की क्लच सरकतो, त्यामुळे तिथे टाळाटाळ नको.

ड्रेन नटाला तांब्याचा नवा वायसर घालावा. निघालेले जुने तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. झाकणबंद कॅनमध्ये साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोचेल असे पाहावे. जमिनीवर सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाकून तो गोळा करावा, पाण्याने धुऊ नये.

– एक डिझेल मेकॅनिक, कोल्हापूर