काकू, बॅग भरून घेतलीत म्हणून

प्रिय काकू,

पत्र तुम्हालाच आहे, पण सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. दिवस भरत आलेल्या प्रत्येकीच्या घरी तुमच्यासारखी, प्रसूती विभागात नोकरीची सगळी वर्षं काढलेली शेजारीण असतेच असं नाही. तुम्ही मला सांगितलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं, एवढीच इच्छा.

दवाखान्याच्या बॅगेच्या याद्या ढिगाने मिळतात. तुम्ही यादी दिलीच नाहीत. आल्या आल्या विचारलंत, "ही बॅग दवाखान्यात उघडणार कोण?" आणि उत्तरही तुम्हीच दिलंत. कळा सुरू झाल्यावर बाई बॅगेत हात घालत नाही, सोबतचा माणूस घालतो. मग ती त्यानेच भरायची. नवऱ्याला हाक मारून समोर बसवलंत, भरलेली बॅग रिकामी करवलीत आणि एकेक वस्तू त्याच्या हातून पुन्हा आत ठेवून घेतलीत. हे कशासाठी, हे केव्हा लागेल, हे कुठे ठेवलंय, सगळं त्याच्या तोंडून वदवून घेतलंत. प्रसूतीच्या वेळी बाईच्या पसंतीचं माणूस सोबत असावं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण त्या माणसाने तिथे नेमकं करायचं काय, हे त्याला कुणी शिकवत नाही. तुम्ही शिकवलंत.

घाईही तुम्हीच केलीत. तारीख चाळिसाव्या आठवड्याची मिळते, पण बरोबर त्याच दिवशी फार थोडी बाळं येतात, आणि जगात दहातलं साधारण एक बाळ ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधीच येतं. म्हणून ३५वा आठवडा लागला की बॅग दाराजवळ, हा तुमचा नियम.

सगळ्यात वर फाइल. त्यातही पहिला कागद रक्तगटाचा, कारण माझा रक्तगट निगेटिव्ह. बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर पुढच्या बाळंतपणात बाळाला धोका नको म्हणून आईला ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं, हे तुम्ही नवऱ्याला दोनदा सांगितलंत. बाळाचा पॉझिटिव्हच निघाला. सिस्टरने विचारण्याआधीच त्याने कागद पुढे केला आणि इंजेक्शन कधी देणार ते विचारलं. मी ग्लानीत होते, पण त्याचा तो ठाम आवाज मला ऐकू आला. काकू, त्या क्षणी मला तुमची फार आठवण झाली.

कळांच्या वेळची पिशवी तुम्ही वेगळी काढलीत, अगदी लहान. ओठांना लावायचं मलम, केसांचे रबर, मोजे, न घसरणाऱ्या सपाता, नळी असलेली पाण्याची बाटली, लांब वायरचा चार्जर. तोंडाने श्वास घेऊन घेऊन ओठ किती कोरडे पडतात, हे ज्याने पाहिलंय त्यालाच ते मलम सुचणार. लेन्स घरी, चष्मा सोबत. दागिने उतरवून ठेवायचे आणि नखांचा रंगही काढून टाकायचा, कारण बोटाला लावतात त्या ऑक्सिजन मोजायच्या चिमट्याला त्याचा अडथळा होऊ शकतो.

बाळाचे पहिले कपडे एका कापडी पिशवीत: टोपी, पुढून बांधायचं झबलं, लंगोट, दुपटं. पिशवीवर नवऱ्याच्या अक्षरात 'पहिले' असं लिहून घेतलंत. ओल्या अंगाने बाहेर आलेलं बाळ फार लवकर गार पडतं, तेव्हा तिथे शोधाशोध नको. बाकीची झबली दोन मापांची, कारण अडीच किलोचं बाळ आणि चार किलोचं बाळ एका मापात बसत नाहीत. सगळी आधी धुतलेली, बिनवासाच्या साबणाने. अत्तर आणि पावडर तर तुम्ही बाहेरच काढलीत. बाळ वासावरून आईला ओळखतं, आणि पावडरीची धूळ त्याच्या श्वासात जाते.

आता ज्यासाठी मी तुमची सर्वांत ऋणी आहे ते. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाबद्दल माझ्याशी मोकळेपणाने बोललेली तुम्ही एकटीच. तो चार ते सहा आठवडे चालू शकतो, पहिले काही दिवस भरपूर असतो, सिझेरियन झालं तरीही असतोच. मोठे, जाड पॅड भरपूर न्यायचे. आत घालायचा टॅम्पॉन नाही, संसर्गाची भीती असते. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं किंवा मोठी गाठ पडली तर लाजायचं नाही, लगेच सिस्टरला दाखवायचं. हे तुम्ही नवऱ्यासमोर बोललात, म्हणून पुढे मला त्याच्याशी बोलताना संकोच वाटला नाही. घरोघरी हे असंच उघड बोललं जावं, असं मला कळकळीने वाटतं.

आणि त्या उंच कमरेच्या, सैल चड्ड्या! सगळं नॉर्मल होईल असं जो तो म्हणत होता, तरी "असू देत" म्हणून तुम्ही त्या ठेवायला लावल्यात. शेवटी सिझेरियन झालं. टाके नेमके तिथेच, जिथे नेहमीच्या चड्डीचं इलॅस्टिक येतं. पहिल्यांदा उठून उभी राहिले तेव्हा त्या जागेला काहीही घासत नव्हतं, आणि पुढून उघडणाऱ्या गाऊनमुळे टाके सांभाळत बाळाला पाजणंही जमलं. त्या दिवसांत एवढ्या आरामाची किंमत काय असते, ते तुम्हाला सांगायला नको.

मनापासून आभार, काकू. तुम्हाला न विचारता तुमचं सगळं सांगणं इथे उघड केलंय, रागावू नका. माझ्या नणंदेला आठवा महिना लागलाय. पुढच्या आठवड्यात ती दोघं येतील, तेव्हा थोडा वेळ काढाल का? बॅग रिकामीच आणायला सांगितलीय.

तुमची,
शेजारची मुलगी