वस्तीतली कार्यकर्ती संचालक का होत नाही?

संपादक महोदय,

देवनारच्या टाटा संस्थेतून समाजकार्य शिकून मी गोवंडीत कामाला लागले, पुढे एका महिला संस्थेची संचालक झाले. आता निवृत्त होताना एक गोष्ट जाहीरपणे मांडायची आहे.

कालिन्यातल्या पार्लरमध्ये काम करणारी मणिपूरची एक मुलगी आमच्याकडे आली होती. मालकाचा भाऊ अंगचटीला यायचा, वर चेहऱ्यावरून घाणेरडे टोमणे मारायचा. तिथे कामाला माणसं जेमतेम सहा, म्हणजे अशा तक्रारी ऐकणारी कामाच्या ठिकाणची अंतर्गत समिती नाहीच. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे अशा वेळी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करावी लागते, तीही साधारण तीन महिन्यांच्या आत. हे तिला समजावलं आमच्या वस्तीतल्या कार्यकर्तीनं. बाई दलित, दहावी झालेली, कधीकाळी धुणीभांडी करणारी. मुलीच्या मोबाइलमधले मेसेज तारीखवार उतरवून घेतले, टोमणे शब्दशः लिहायला लावले, तक्रार द्यायला वांद्र्याला सोबत गेली.

अशा बायकांच्या जिवावर आमच्या संस्था उभ्या आहेत. पण संचालकाच्या खुर्चीत बसतात माझ्यासारख्या सवर्ण, इंग्रजीत प्रस्ताव लिहिणाऱ्या. लिंगभाव आणि जातिवंशाच्या न्यायाची भाषा करणाऱ्यांनी हे किती दिवस चालवायचं? प्रस्ताव लिहायला माणूस पगारावर मिळतो हो!

माझ्या जागेच्या जाहिरातीतून इंग्रजीची आणि पदव्युत्तर पदवीची अट काढावी, असं मी विश्वस्तांना लेखी कळवलं आहे. देणगीदार कंपन्यांनीही बैठका मराठी-हिंदीत घ्याव्यात.

– एक समाजकार्यकर्ती, चेंबूर, मुंबई