घराण्यातला यकृताचा कर्करोग आणि जनुके

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एकाच घरातील दोघा भावांना यकृताचा कर्करोग झाला की ‘हे आमच्या घराण्यातच आहे’ असे म्हणून बाकीचे नातेवाईक हताश होतात किंवा महागड्या जनुकचाचणीची चौकशी करू लागतात. जनुकांचा वाटा या आजारात आहेच. अमेरिकेतील डॅलस येथे हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांच्या गटाने २००८ मध्ये ‘पीएनपीएलए३’ या जनुकातील एक फरक दाखवून दिला. या फरकामुळे बदललेले प्रथिन यकृतपेशीतील चरबीच्या थेंबांवर साचून राहते आणि चरबीचे विघटन अडवते. आई आणि वडील अशा दोघांकडूनही तो मिळालेल्यांच्या यकृतात, तो नसलेल्यांच्या तुलनेत, दुपटीहून अधिक चरबी आढळली. पुढे सिरोसिस (यकृतात व्रण साचून ते कठीण होणे) आणि कर्करोगाशीही त्याचा संबंध दिसून आला. हा फरक भारतीयांमध्येही आहे. मात्र त्याचा परिणाम सर्वांत सारखा होत नाही. वजन वाढत जाते तसा तो कितीतरी पटींनी तीव्र होतो, मद्यपानाने आणखी बळावतो, आणि वजन व मद्य या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

शिवाय घरात पसरते ते जनुकच असते असे नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाकडे जातो. अशा बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा मुक्काम करतो आणि पुढे सिरोसिस नसतानाही कर्करोग घडवू शकतो. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना लस देण्यास प्रारंभ केला आणि तेथील मुलांमधील यकृताचा कर्करोग स्पष्टपणे घटला. तेवढ्या काळात तेथील लोकांची जनुके काही बदलली नव्हती.

आपल्याकडे ही लस २०११ पासून देशभरातील नियमित लसीकरणात आली, त्यामुळे आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुतेकांना ती बालपणी मिळालेली नाही. म्हणून यकृताच्या कर्करोगाचा रुग्ण हिपॅटायटिस बीबाधित निघाल्यास त्याच्या भावंडांची, पत्नीची व मुलांची ‘एचबीएसएजी’ ही साधी रक्तचाचणी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आग्रहाने करून घ्यावी. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधे मोफत आहेत. ज्यांना लागण नाही त्यांना लस द्यावी, आणि ज्यांना सिरोसिस झाला आहे त्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिक