झोपाळ्याच्या फळीविषयी

आंजर्ले

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गोठ्यात एवढी ठोकाठोक कसली चालली आहे, असे परवा बाबांनी फोनवर विचारले तेव्हा मी उत्तर टाळले, कारण ते घाईत सांगण्यासारखे नव्हते. गाडीच्या मागे जोडून नेता येईल अशी, दोघांना झोपण्यापुरती चाकांवरची खोली मी बांधते आहे, आणि ती तुम्हा दोघांसाठी आहे. बाबांना गुडघ्यांमुळे लॉजचे जिने चढवत नाहीत आणि आईला परक्या अंथरुणावर झोप लागत नाही. त्यामुळे वेळणेश्वर, गणपतीपुळे, कुणकेश्वर असा तुम्ही ठरवलेला प्रवास रखडला आहे, याची रुखरुख मला सतत लागून होती.

बहुतेक लाकूड आपल्याच आवारातले आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पडवी कोसळली तेव्हा तिचे सागवानी वासे बाबांनी विकू दिले नव्हते आणि विहिरीजवळच्या उन्मळलेल्या फणसाच्या फळ्या पाडून गोठ्याच्या माळ्यावर रचून ठेवल्या होत्या. त्या वाशांचा सांगाडा झाला आणि फणसाची जमीन. पहिल्या फळीवर रंधा फिरवला तेव्हा काळपट थराखालून हळदीसारखा पिवळा रंग वर आला आणि वाळवीचे एकही भोक दिसले नाही. मी रंधा बाजूला ठेवून बराच वेळ त्या फळीवरून नुसता हात फिरवत बसले होते.

खालची चौकट भंगारात निघालेल्या टेम्पोच्या लोखंडी पट्ट्यांची, म्हणजे चॅनेलची आहे. चाकांचा आडवा दांडा म्हणजे ॲक्सल, आणि धक्के सोसणारे पाटे दापोलीच्या भंगारवाल्याकडून वजनावर मिळाले. छपराची मला सर्वांत अधिक काळजी होती, कारण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पाणी नेहमी सांध्यातूनच शिरते. हर्णै बंदरावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी मला काचधाग्याची मॅट अंथरून त्यावर रेझिन, म्हणजे वाळून टणक होणारा चिकट द्रव, चढवायला शिकवले, आणि तसे तीन थर देऊन छप्पर अखंड केले. बाजूंना जुन्या बसचा ॲल्युमिनियमचा पत्रा आहे. तो लोखंडाला थेट टेकला तर खाऱ्या दमट हवेत झडू लागतो, म्हणून दोहोंच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घातल्या आहेत.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली, ती लपवत नाही. मी ॲक्सल जवळजवळ मधोमध बसवला होता. बागेकडे जाणाऱ्या आपल्या खासगी वाटेवर ओढून पाहताना, जरा वेग येताच मागचा भाग डावीउजवीकडे असा झोके घेऊ लागला की मला घाम फुटला. घरातला वजनकाटा गाडीला जोडायच्या हुकाखाली ठेवून पाहिले, तर एकूण ४२० किलोंपैकी जेमतेम २० किलो भार पुढे येत होता. तो दहा ते पंधरा टक्के असावा लागतो. ॲक्सल आठ इंच मागे सरकवल्यावर तो ४८ किलो झाला आणि गाडी सरळ चालू लागली. कायद्याने ट्रेलरही वाहनच असल्याने नोंदणी झाल्याशिवाय मी तो रस्त्यावर काढणार नाही, याची बाबांनी खात्री बाळगावी.

आत पलंगाची उंची बाबांच्या ओटीवरच्या खुर्चीइतकी, मोजून अठरा इंच ठेवली आहे, म्हणजे उठताना गुडघ्यांवर जोर येणार नाही. दाराशी एकच रुंद पायरी आहे आणि तिच्या बाजूला, हात सहज पोहोचेल तिथे, पडवीच्याच कठड्याचा दांडा बसवला आहे. खिडकी आईच्या उशाशी आहे.

आता ज्या कारणासाठी हे पत्र लिहायला बसले, ते लिहिते. दारालगतच्या बाकासाठी झोपाळ्याची फळी घ्यावी असे माझ्या मनात आहे. वादळात ती ढिगाऱ्याखालून अखंड निघाली. चारही कड्या जागेवर आहेत, आणि आई जिथे बसून भाजी निवडायची तिथला गुळगुळीत खोलगटपणाही तसाच आहे. परंतु आतल्या रुंदीपेक्षा ती आठ इंच लांब भरते, आणि तुम्हाला न विचारता तिला करवत लावण्याचा मला धीर होत नाही. ती कापू नये असे तुम्हाला वाटत असेल तर बाकासाठी फणसाची एक फळी शिल्लक आहे, आणि पडवी पुन्हा उभी राहील तेव्हा झोपाळा तिथेच टांगता येईल. दोघे मिळून ठरवा आणि आईने स्वतः मला सांगावे. तोवर ती फळी पुसून माजघरात भिंतीशी उभी करून ठेवली आहे.

आपली,
लेक