चाचा, प्रबंधात तुमचं नाव राहून गेलं

चाचा, सलाम.

गेल्या आठवड्यात तुमच्या नातवाने त्याच्या पोरीचा रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला. अल्कलाईन फॉस्फटेज, म्हणजे लिव्हर आणि हाडं दोन्हींत बनणारं एक एन्झाइम, त्याचा आकडा ठळक अक्षरात, शेजारी वर जाणारा बाण. पोरीचं लिव्हर बिघडलं म्हणून सगळं घर धास्तावलेलं. मी म्हटलं, आठ वर्षांची आहे, हाडं वाढतायत, मोठ्यांच्या मापाने मोजलं तर तिचा आकडा जास्तच दिसणार. डॉक्टरांना दाखव, पण रात्र जागून काढू नकोस. फोन ठेवला आणि मला हसू आलं. याच फॉस्फटेजपायी माझी वीसेक वर्षं गेली, त्याची सुरुवात तुमच्या मटणाच्या दुकानातल्या ओंडक्यावर झाली, आणि तुमच्या घरात हे कोणालाच माहीत नाही!

२००३ सालची गोष्ट. मी नागपूरला पीएच.डी. करत होते. मला कोवळ्या जनावराच्या हाडाच्या टोकाजवळची कूर्चा हवी होती, तुम्ही जिला चबनी म्हणता ती. आणि जनावराचं वय पक्कं माहीत असायला हवं होतं. शहरातल्या दुकानदाराला वय विचारलं की तो म्हणायचा, "एकदम कोवळा आहे मॅडम." रोजच, सगळेच कोवळे! तुम्ही मात्र केळापूर तालुक्यातल्या घरोघरी जाऊन बोकड घ्यायचे, त्यामुळे कोणता कधी जन्मला ते तुम्हाला तोंडपाठ. गिऱ्हाइकाने शंका काढली तर पुढचा पाय खुराच्या वर धरून कटकन मोडायचे. कोवळा असला तर तिथे लालसर, दातेरी तोंड दिसायचं. जून असला तर ते मोडायचंच नाही, खालचा गुळगुळीत सांधा उघडा पडायचा. आमच्या पुस्तकात या जागेला वाढीची चकती म्हणतात. मी तिच्या आकृत्या पाठ केल्या होत्या, पण खरी चकती पहिल्यांदा पाहिली ती तुमच्या हातात.

बाजाराच्या दिवशी तुम्ही पाय बाजूला काढून ठेवायचे. गोळा-शरबतवाल्याकडून बर्फ, माझा स्टीलचा डबा आणि एसटीचे चार तास. पहिल्या खेपेला बर्फ वाटेतच वितळला आणि डब्याला असा वास सुटला की कंडक्टरने मला मागच्या सीटवर धाडलं. प्रत्येक पायाला तुम्ही सुतळीने चिठ्ठी बांधायचे. "सात महिने, काळा, झरीकडचा." "संक्रांतीची, बकरीची पाठ." त्या चिठ्ठ्या अजून माझ्या फायलीत आहेत, रक्ताच्या डागांसकट. पोळ्याच्या करीला दुकानापुढे रांग लागलेली असायची, तरी तुमच्या चिठ्ठ्या कधी चुकल्या नाहीत.

आता खरे आभार कशाचे ते सांगते. आपल्याकडच्या बोरिंगच्या पाण्यात फ्लोराईड किती, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. लिटरला दीड मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा, आणि आपल्या भागातल्या कित्येक बोरिंगचं पाणी तिच्या वर जातं. माझ्या आईचे दात पिवळ्या पट्ट्यांचे होते, आणि पन्नाशीतच तिची पाठ लाकडासारखी ताठली. फ्लोराईड हाडाच्या स्फटिकात शिरून बसतं. हाड दाट दिसतं, पण ठिसूळ होतं, आणि सांध्याभोवतीचे पट्टेही कडक होतात. आईसाठीच मी हाडांकडे वळले होते. म्हणून मोठ्या उत्साहाने तुम्हाला सांगितलं, की ज्या गावात फ्लोराईड जास्त, तिथल्या बोकडांची चकती वेगळी निघेल, तेव्हा चिठ्ठीवर गावही लिहीत जा. तुम्ही सत्तूर पुसत म्हणालात, "काय वं पोरी, बकरी का बोरिंगचं पानी पेते? ते त नाल्यात तोंड घालते, डबक्यात घालते. तुह्या हिशोबात नाला कुठी हाय?"

नव्हता. नाला कुठेच नव्हता. माझ्या आराखड्यात कोणाच्याच नजरेला ही गोष्ट आली नव्हती. तुम्ही ते बोलला नसता तर वर्षभर मी नुसती रकाने भरत बसले असते. तो भाग मी काढून टाकला आणि साध्या प्रश्नाकडे वळले: मऊ कूर्चेत पहिला चुन्याचा कण पडतो कसा?

त्याचं अर्धं उत्तर आधीच सापडलेलं होतं. फॉस्फटेजचा हाड कडक होण्याशी संबंध असावा, हे रॉबिसन यांनी १९२३ सालीच मांडलं होतं. १९६७ साली अँडरसन आणि बोनुची या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की कूर्चेतल्या पेशी अगदी बारीक पिशव्या बाहेर सोडतात. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या. पहिले स्फटिक त्या पिशव्यांत दिसतात. तिथे पायरोफॉस्फेट नावाचा एक पदार्थ असतो, तो स्फटिक वाढू देत नाही. पिशवीवर बसलेलं फॉस्फटेज त्याला तोडतं, तेव्हा काम पुढे सरकतं. काही मुलांच्या शरीरात हे फॉस्फटेज जन्मतःच नीट बनत नाही, त्यांची हाडं मऊ राहतात. ते बाहेरून देणारं औषध २०१५ साली मंजूर झालं. त्यात माझा हात नाही. तुमच्या बोकडांच्या चकत्यांतून मी त्या पिशव्या वेगळ्या काढायला शिकले, इतकंच. पुढे कोंबडीच्या पिल्लांवर काम केलं, नंतर काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर. पण बोटांना सवय लागली ती तुमच्या पायांवर. (तुमच्या म्हणजे बोकडांच्या!)

प्रबंधाच्या आभाराच्या पानावर मी तुमचं नाव लिहिलं होतं. कोणीतरी सुचवलं की मटण दुकानदाराचं नाव बरं दिसणार नाही, आणि मी ते खोडलं. सूक्ष्मदर्शक चालवणाऱ्याचं नाव राहिलं, झेरॉक्सवाल्याचं राहिलं, तुमचं गेलं. मी गप्प बसले याची लाज आजही वाटते.

तुम्ही दुकान बंद केलं आणि आता मुलगा ब्रॉयलर विकतो, असं नातू सांगत होता. दिवाळीला गावी येते आहे. एक कोवळा बघून ठेवा, पाय तुम्हीच मोडून दाखवा. या खेपेला डबा आणणार नाही. चाचीला म्हणावं, नळ्या रश्शातच टाका.

तुमची,
डबेवाली पोरगी