सर्वेक्षणात हवालदार कुठे उभे होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘बहुसंख्य रहिवाशांचा पोलिसांवर विश्वास’ ही आपल्या अंकातली बातमी वाचली. बातमीत टक्केवारी आहे, अधिकाऱ्यांचे छायाचित्र आहे. प्रश्न कोणी विचारले, कुठे विचारले आणि उत्तर देणाऱ्याच्या समोर त्या वेळी कोण कोण होते, एवढे मात्र राहून गेले आहे. मला नेमके तेच हवे होते.

मी अठरा वर्षे निरनिराळ्या सर्वेक्षणांचे फॉर्म घेऊन घरोघरी फिरले. पाण्याचा प्रश्न विचारला की लोक इतके बोलतात की रकाना पुरत नाही. पोलिसांवरच्या विश्वासाचे काम एकदाच वाट्याला आले आणि पहिल्याच सकाळी जाणवले की आज सगळे फार थोडे आणि फार नीटनेटके बोलत आहेत. लोकांनी दार उघडावे म्हणून आमच्यासोबत एक हवालदार दिले होते. माणूस सज्जन, जिना चढताना माझी पिशवीसुद्धा धरायचे. पण मी प्रश्न वाचला की समोरच्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे जायची आणि उत्तर यायचे, ‘पूर्ण विश्वास’.

एका घरी बाईंचे वय लिहायचे राहिले होते, म्हणून संध्याकाळी एकटीच परत गेले. वय सांगून झाल्यावर त्यांनी दार जरा लोटून घेतले. “सकाळी ते विश्वासाचं लिहिलंत ना, ते तसंच राहू द्या. पण तुम्हाला म्हणून सांगते.” त्यांच्या मुलाच्या हातातला मोबाइल कोणीतरी हिसकावून नेला होता. ठाण्यात तीन खेपा झाल्या आणि शेवटी अर्जात ‘चोरी’च्या जागी ‘गहाळ’ लिहायला लावले. चोरी लिहिली की गुन्हा दाखल करावा लागतो, तपास आला, आणि महिन्याच्या आकड्यात एकाची भर. “हरवलाच असता तर मी तिकडे कशाला गेले असते हो?” हे लिहायला माझ्या प्रश्नावलीत जागाच नव्हती. फॉर्म तसाच जमा केला. त्यांनीच राहू द्या म्हटले होते, शिवाय खाडाखोड दिसली की पर्यवेक्षक फॉर्म परत पाठवायचे. दोन्ही कारणे खरी आहेत, पण त्या टक्केवारीत माझाही हात आहे, हे आजही टोचते.

‘तुमचा पोलिसांवर विश्वास आहे का?’ हा प्रश्नच आळशी आहे. अपघात झाला तर पोलीस धावून येतील असे वाटणाऱ्या माणसालाच, आपली तक्रार ते लिहून घेणार नाहीत असेही वाटत असते. त्याने कुठल्या चौकटीत खूण करायची? त्यापेक्षा घडलेले विचारावे. वर्षभरात ठाण्यात गेलात का? किती वेळ बसवून ठेवले? बोलणे ऐकून घेतले का? तक्रारीची प्रत हातात मिळाली का? आणि काही घडूनही गेला नसाल, तर का नाही? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण ठाण्यापर्यंत न पोहोचलेला गुन्हा ठाण्याच्या नोंदवहीत सापडत नाही. याच कारणासाठी अमेरिकेने १९७३ पासून आणि ब्रिटनने १९८२ पासून थेट घराघरांत जाऊन ‘तुमच्या बाबतीत काय घडले’ हे विचारायला सुरुवात केली. घरातल्या छळासारखे नाजूक प्रश्न आले की ब्रिटनमधला प्रगणक संगणक उत्तर देणाऱ्याच्याच हाती देतो. आमच्याकडे बाईला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आतल्या खोलीतून नवरा द्यायचा आणि आम्ही ते बाईच्या नावावर लिहायचो.

तोंडाने सांगायला अवघड अशा गोष्टींसाठी संशोधक स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये एक युक्ती मांडली. तिचे सोपे रूप असे: समजा प्रश्न आहे, ‘तक्रार नोंदवण्यासाठी पैसे द्यावे लागले का?’ उत्तर देणाऱ्याने आधी लपवून नाणे उडवायचे. छापा पडला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचे. काटा पडला तर खरे सांगायचे. कोणाचे ‘हो’ खरे आणि कोणाचे नाण्याचे, हे समोर उभ्या प्रगणकालाही कळत नाही. शंभरातले सुमारे पन्नास ‘हो’ नाण्याचेच असणार. एकूण पासष्ट आले, तर उरलेल्या पन्नासांतले पंधरा खरे, म्हणजे तीस टक्के. मला हे निवृत्तीनंतर वाचनात आले. तेव्हा ठाऊक असते तर त्या बाईंना दार लोटावे लागले नसते.

शिकागोत पोलिसांच्या कामावर अनेक वर्षे सर्वेक्षणे करणारे वेस्ली स्कोगन यांनी २००६ मध्ये दाखवले की पोलिसांच्या वाईट अनुभवाचा मतावरचा परिणाम चांगल्या अनुभवाच्या चार ते चौदा पट असतो. चांगल्या वागणुकीने मत सुधारते म्हणावे, तर तेही जेमतेम. त्यामुळे एकदा ‘गहाळ’ लिहायला लावले की नंतरच्या हसतमुख मोहिमा कितीशा पुरणार?

‘सुधारणा हव्यात का?’ या प्रश्नाबद्दल तर बोलायलाच नको. नाही कोण म्हणेल? तक्रार पोलिसांविरुद्ध असेल तर तिची चौकशी पोलिसांनीच करावी की बाहेरच्यांनी, असे विचारले तर काही हाती लागेल. उत्तर आयर्लंडमध्ये पोलीस दलाच्या सुधारणांसाठी नेमलेल्या पॅटन आयोगाने १९९९ च्या अहवालाआधी गावोगाव जाहीर सभा घेतल्या, सर्वेक्षणही केले. त्यानंतर २००१ मध्ये दलाचे नाव बदलले आणि भरतीत निम्म्या जागा, दलात फार थोडे असलेल्या कॅथलिकांना देण्याचा नियम दहा वर्षे पाळला. जाता जाता, प्रश्न पोलिसांनाही विचारावेत. सोबतचे हवालदार रात्रपाळी करून थेट आमच्याबरोबर आले होते. त्यांच्यासाठी फॉर्मच नव्हता.

संपादक महोदय, पुढच्या वेळी अशी आकडेवारी आली तर सोबत प्रश्नाचे नेमके शब्द छापा, दारात वर्दी होती का ते छापा, आणि किती घरांनी उत्तर द्यायचे नाकारले तेही. बंद दारांची यादी मी रोज संध्याकाळी वेगळ्या कागदावर जमा करायचे. ती शेवटपर्यंत कोणी मागितली नाही.

आपली,
एक निवृत्त प्रगणक